वांग्याचा पारिजातक

देवासमध्ये एकेरी असं काही नाही. टेकडीवर देवी आहे म्हणावं, तर त्या दोन: मोठी माता तुळजाभवानी आणि छोटी माता चामुंडा. दोघी सख्ख्या बहिणी, आणि गावात सांगतात त्याप्रमाणे दोघींचं एकदा कडाक्याचं भांडण झालेलं. टेकडीखाली संस्थान होतं म्हणावं, तर तीही दोन: थोरली पाती आणि धाकटी पाती. तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंनी १७२८ च्या सुमारास इथे बस्तान बसवलं आणि पुढे वाटणी अशी झाली, की रस्त्याची एक बाजू या महाराजांची, तर दुसरी त्या महाराजांची. दोन दरबार, दोन फौजा. ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून इथे राहून गेला, आणि १९५३ मध्ये त्याने त्यावर एक अख्खं पुस्तक काढलं. या दुहेरी कारभाराची त्याला फार मौज वाटली. वाटणारच. त्याला इथे संसार करायचा नव्हता.

१९४८ साली दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या असं सरकारदप्तरी लिहिलेलं आहे. आमच्या स्वयंपाकघरापर्यंत ते विलीनीकरण अजून पोचलेलं नाही. जुन्या ओट्यावर आईचं राज्य, ती थोरली पाती. पंधराएक वर्षांपूर्वी खिडकीखाली नवा ओटा घातला, मिक्सर आणि ओव्हन तिकडे गेले, ती धाकटी पाती, तिथे सौ.चा अंमल. मधलं सिंक दोन्ही संस्थानांना सामाईक, म्हणून तेच नेहमी घासायचं राहिलेलं असतं.

गेल्या मार्गशीर्षात या दोन पात्यांच्या मधे तिसरी सत्ता येऊन बसली. माझ्या सासूबाई. त्या धारच्या. इंदूरला त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि पुढचे काही दिवस लेकीकडे विश्रांती घ्या, चुलीच्या धगीपुढे जाऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून त्या काळा चष्मा लावून स्वयंपाकघराच्या दारातच खुर्ची टाकून बसत. डोळ्यांना सुट्टी होती. कान, नाक आणि तोंड ही तीन खाती ओव्हरटाइम करत होती.

दोन्ही विहिणींचं एकमेकींशी वागणं अत्यंत आदराचं, म्हणजे धोकादायक. 'अहो विहीणबाई' अशी सुरुवात झाली की मी पेपर घेऊन गच्चीवर जातो. सौ.ने 'आई' म्हणून हाक मारली की दोन दिशांनी 'ओ' येतं, आणि जिचं 'ओ' आधी येतं ती दुसरीकडे बघून मंद हसते. पवारांच्या धार आणि देवास या घराण्यांचं नातं भाऊबंदकीचं होतं. त्या अर्थाने आमच्या घरी इतिहासाची उजळणी चालू होती. त्यातून धारच्या माणसाला इतिहासाचा माज जन्मजात असतो. पाणी कमी आलं तरी सासूबाई राजा भोजापासून सुरुवात करतात. धारच्या किल्ल्यात १७७५ साली दुसरा बाजीरावही जन्मला, पण त्याचं नाव त्या काढत नाहीत.

अशा वातावरणात चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी आमची कन्या बंगळुरूहून आली.

चंपाषष्ठीचं महत्त्व वांग्याच्या बाजूने समजून घेतलं पाहिजे. आमच्याकडे आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, कांदा-लसूण-वांगं यांचा शेवटचा फडशा पाडतात. त्यानंतर आई वांग्याकडे ढुंकून बघत नाही. कार्तिकी एकादशीला चातुर्मास संपतो, कांदा-लसूण परत घरात येतात, पण वांगं थांबतं. ते सुटतं चंपाषष्ठीलाच, खंडोबाला बाजरीचे रोडगे आणि वांग्याचं भरीत दाखवल्यावर. म्हणजे जवळजवळ पाच महिने. मालव्यातली थंडी पडलेली, मंडईत भरताची काळी तुकतुकीत वांगी ढिगाने आलेली, आणि ही बाई त्यांच्यावरून नजर फिरवून दुधी घेऊन येते. या तपश्चर्येच्या शेवटच्या रात्री कन्या जेवता जेवता म्हणाली,

"आजी, उद्या वांग्याचं मी करते. एगप्लांट पार्मिजाना."

"काय? पारिजात?"

"पार्मिजाना गं."

"तेच ते. वांग्याचा आणि पारिजातकाचा काय संबंध?"

मग आईने, कोणी विचारलेलं नसताना, पारिजातकाची गोष्ट सांगितली. सत्यभामेने हट्ट करून झाड आणायला लावलं, कृष्णाने ते तिच्याच अंगणात लावलं, आणि फुलं मात्र रोज रुक्मिणीच्या अंगणात पडायची. गोष्ट सांगताना तिने एकदा जुन्या ओट्याकडे आणि एकदा दारातल्या खुर्चीकडे पाहिलं. त्या रात्रीपासून पदार्थाचं नाव पारिजातक पडलं ते पडलंच.

कन्येने कृती सांगितली. वांग्याच्या गोल चकत्या करायच्या, ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळायच्या, टोमॅटोचा सॉस करायचा, मग चकत्या, सॉस, चीज असे थरावर थर लावून भट्टीत भाजायचं.

"म्हणजे काप," दारातून आवाज आला.

"वांग्याचे कापच," आई म्हणाली. "त्यावर टमाटरचं सार ओतायचं, नि वर चीज."

दोन्ही विहिणींचं एखाद्या गोष्टीवर एकमत होण्याचा हा आठवड्यातला पहिला प्रसंग होता. कन्येचा चेहरा पडला. तिने एका इटालियन बल्लवाचा चांगला अर्ध्या तासाचा व्हिडिओ तीन वेळा पाहिला होता, आणि इथे दोन बायकांनी, त्यातल्या एकीने तर डोळे मिटून, त्याचा निकाल दोन शब्दांत लावला होता.

मला तिची दया आली, म्हणून रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी या पदार्थाचा पूर्वेतिहास वाचायला घेतला. तिथेही देवासच निघालं. नेपल्सवाले म्हणतात आमचा, सिसिलीवाले म्हणतात आमचा, आणि पार्मावाले म्हणतात नावच आमचं आहे, आता बोला. त्यावर सिसिलीकडून असा युक्तिवाद, की ते नाव पार्मा गावावरून आलेलंच नाही. खिडकीच्या झडपेच्या पट्ट्यांना आमच्या बोलीत तसा शब्द आहे, आणि चकत्या तशाच एकावर एक रचलेल्या असतात. म्हणजे वांगं दक्षिणेत पिकवायचं, तळायचं दक्षिणेत, आणि नाव पार्म्याच्या अंगणात पडायचं. आईची गोष्ट मला एकदम पटली.

त्या इटलीत वांग्याला सुरुवातीला कोणी विचारतही नव्हतं. मूळ ते आपल्याकडचं. इथून इराण, अरबस्तान असं करत करत युरोपात गेलं. इटालियन लोकांनी त्याच्या नावाची फोड 'वेडं फळ' अशी करून घेतली. पेलेग्रीनो आर्तूझी नावाच्या पाकशास्त्रकाराने तर लिहून ठेवलंय, की पूर्वी फ्लॉरेन्सच्या बाजारात वांगं दिसायचंच नाही, कारण ते ज्यू लोकांचं हलकं खाणं समजलं जाई. टोमॅटोची कथा त्याहून वाईट. तो अमेरिकेतून आलेला उपरा. सोळाव्या शतकात इटलीत पोचला तरी त्याच्या चटणीची कृती पुस्तकात छापून यायला १६९२ उजाडलं, आणि तीसुद्धा 'स्पॅनिश पद्धतीची' म्हणून. तेव्हा ज्या दोघांच्या जिवावर आज इटली मिशा पिळते, ते दोघेही तिथे घरजावई आहेत.

इथपर्यंत ठीक होतं. पण वाचता वाचता मी मांडवगडात जाऊन पोचलो, आणि तिथे माझ्या हातून चूक झाली.

धारपासून पस्तीसेक किलोमीटरवर मांडवगड. पंधराव्या शतकाच्या अखेरीला तिथे गियासुद्दीन खलजी हा सुलतान होता. राज्यकारभाराचा त्याला कंटाळा, खाण्याचा अजिबात नाही. त्याने स्वतःच्या आवडीच्या पदार्थांचं एक पुस्तक तयार करवलं, 'निमतनामा', ते पुढे त्याचा मुलगा नासिरुद्दीन याच्या काळात पुरं झालं. चित्रांसकट. चित्रांत हा मिशाळ सुलतान जातीने बसून रांधणाऱ्यांवर देखरेख करतोय. हस्तलिखित आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात सामोशाची एक कृती आहे: खिमा, कांदा, सुंठ, लसूण, गुलाबपाण्यात वाटलेलं केशर, आणि वांग्याचा गर. हे सारण भरायचं नि तुपात तळायचं. टोमॅटोचा प्रश्नच नव्हता. मिरचीचाही नव्हता. कोलंबस तिकडे जेमतेम अमेरिकेच्या किनाऱ्याला लागत होता.

सकाळी चहाच्या वेळी हे सगळं मी मोठ्या उत्साहाने सासूबाईंना सांगितलं. जावयाने सासरच्या गावाचं कौतुक करावं, एवढाच भाबडा हेतू. त्यांनी कप बशीत ठेवला.

"म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी आमच्याकडे वांगं तळत होते."

"वांग्याचा गर घातलेले सामोसे तळत होते," मी सावरायचा प्रयत्न केला.

"तळत होते ना? आणि ते पुस्तकात लिहिलंय. आणि पुस्तक विलायतेत आहे."

थोरल्या पातीच्या ओट्यावर भांडं जरा जोरात आपटलं. एका पक्षाच्या हातात मी अस्सल दस्तऐवज दिला होता, आणि तोही चुकीच्या पक्षाच्या.

मंडईत जाऊन तीन वांगी आणली होती, एकेक पाऊण किलोचं. भाजीवाल्याने नेहमीची हमी दिली होती, "बाबूजी, भर्ते का भटा है, एक बीज नहीं निकलेगा. निकला तो वापस." भाजलेलं वांगं परत घेऊन कोणी गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही, त्यामुळे ही हमी तो पिढ्यान्‌पिढ्या देऊ शकतो. एक वांगं थोरल्या पातीकडे गेलं, भरतासाठी. उरलेली दोन कन्येने गोल चिरली, मीठ लावलं, दोन थाळ्यांच्या मधे रचली आणि वर पाटा ठेवला.

"हे काय?" आईने विचारलं. "कारल्याला करतो आम्ही हे. वांग्याने काय घोडं मारलंय?"

वांगं म्हणजे स्पंज असतो. आत पेशींच्या मधे हवा भरलेली. कढईत पडलं की हवा बाहेर आणि तेल आत. मीठ लावून दाबलं की पाणी सुटतं, स्पंज चपटा होतो आणि तेल कमी पितो. कन्येने हे व्यवस्थित समजावून सांगितलं. आई म्हणाली, काप तव्यावर करायचे असतात, तांदळाच्या पिठात घोळवून, चार थेंब तेलावर. आधी कढईभर तेल घ्यायचं आणि मग ते वांग्याने पिऊ नये म्हणून त्याच्या छातीवर पाटा ठेवायचा, हे तिला नवीन होतं. याला उत्तर त्या बल्लवाच्या व्हिडिओत नव्हतं.

"आता ह्या अंड्यात बुडवायच्या," कन्या खालच्या आवाजात म्हणाली.

"कशात?" दोन दिशांनी एकदमच आलं.

अंडं रद्द झालं. चुरा चिकटायला काहीतरी हवं, त्यावर आईने बेसन सुचवलं. बेसन घातलं तर ती भजी होतील, आणि मग इटलीचं नावच घ्यायला नको, असं म्हणून कन्येने मैदा सरसरीत भिजवला. ब्रेडचा चुरा घरात नव्हता. चहाबरोबर खायचे टोस्ट होते, पत्र्याच्या डब्यात. ते खलबत्त्यात घालून मी कुटले. या संपूर्ण प्रकरणातलं माझं एकमेव विधायक काम. ते टोस्ट वेलचीचे आहेत हे पहिली चकती कढईत पडल्यावर कळलं. सुलतानाच्या गुलाबपाण्याशी तेवढंच नातं जुळलं.

पहिली चकती सोडली तेव्हा कढईतून नुसतं बारीक 'सूं' असं आलं.

"काढ ती बाहेर," सासूबाई काळ्या चष्म्याआडून म्हणाल्या. "तेल झोपलंय अजून."

दोन मिनिटांनी दुसरी सोडली. तडतडाट झाला. "आता घाल. तीनच घाल. चौथी घातलीस की परत झोपेल." कन्येने चौथी घातली. आवाज बसला. सासूबाई नुसत्या खाकरल्या. स्वयंपाकाचं पुस्तक लिहिणारे लोक तेलाचं तापमान अंशांत का सांगतात मला कळत नाही. कान असलेली एक सासू पुरते.

कडेने फेस धरलेल्या, बुडबुड्यांची झालर लागलेल्या त्या चकत्या हळूहळू तांबूस होत गेल्या, आणि झाऱ्यावर घेतल्या की कडेला टकटक आवाज यायला लागला. तेवढ्यात शेजारच्या ओट्यावर भरताचं वांगं आचेवर धरलं होतं, त्याची साल फाटून रस बर्नरवर पडत होता. एका बाजूने धुरकट वास, एका बाजूने वेलचीचा. आई मधे उभी. नैवेद्य दाखवल्याशिवाय तिला जिभेवर काही ठेवता येत नव्हतं. मी 'मीठ बघतो' म्हणून एक काप उचलला, सौ.ने 'कच्चं आहे का बघते' म्हणून एक, सासूबाईंना हातात नेऊन दिले दोन. आईने तिघांच्याही तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं आणि अखेर विचारलंच,

"खरपूस झालेत का?"

एवढ्या वर्षांत तिला इतकी लाचार मी पाहिली नव्हती.

सॉससाठी दीड किलो टोमॅटो. तो तासभर रटरटत होता. त्यात बेसिल हवं होतं. कन्येने अंगणात नजर टाकली आणि म्हणाली, "आजी, तुळशीची चारसहा पानं घेऊ? एकाच जातीची असते ती."

आईने हातातलं वांगं खाली ठेवलं. "आत्ता मागच्या महिन्यात लग्न लावलंय तिचं. नवी नवरी आहे. तिला नेऊन वांग्यात घालतेस?"

तुळस वाचली. तेव्हा सौ.ने फ्रिजच्या दारातून पिझ्झ्याबरोबर आलेल्या ओरेगॅनोच्या पुड्या काढल्या. या पुड्या प्रत्येक घरात असतात. फुकट आलेलं टाकवत नाही आणि वापरायचा प्रसंग येत नाही, त्यामुळे त्यांचा नुसता संचय होत राहतो. आईने एक पुडी फोडून वास घेतला. "हा ओवाच आहे. उन्हात विसरलेला." अगदी चुकीचं नव्हतं, दोन्हींच्या वासामागची द्रव्यं भाऊबंदांतलीच आहेत.

सॉस दाट झाल्यावर वाटीत घेऊन सासूबाईंना चाखायला दिला. त्यांनी चाटून पाहिला, थांबल्या, परत चाटला.

"सेव-टमाटर आहे हे. सेव कधी घालणार?"

"सेव नाही घालायची गं धारआजी. चीज घालायचं."

"सेवेशिवाय?" त्यांच्या आवाजात खरोखरीचं दुःख होतं. मालव्यात सेव हा पदार्थ नसून तो उपसर्ग आहे, प्रत्यय आहे, आणि कधी कधी अख्खं वाक्यही. पोह्यांवर सेव, उपम्यावर सेव, वरणात सेव. भाजी नसली की सेवेचीच भाजी. पुण्याचे पाहुणे देवासला येतात ते कुमार गंधर्वांचं घर बघायला. क्षयातून उठायला मालव्याची कोरडी हवा बरी म्हणून कुमारजी १९४८ साली इथे आले आणि इथलेच झाले, ते ऐकून पाहुण्यांचे डोळे पाणावतात; मग आपण त्यांच्या पोह्यांवर मूठभर सेव टाकली की तेच डोळे विस्फारतात.

राहिलं चीज. खरं पार्मिजानो कसं असतं ते मी वाचलेलं होतं. पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना आणि आसपासच्या ठरावीक मुलखातच ते करायचं, चाळीसेक किलोचं एकेक चाक, आणि निदान बारा महिने मुरवायचं. 'पार्मेझान' हे नाव दुसऱ्या कोणी लावू नये, असा निकाल युरोपीय न्यायालयाने २००८ मध्ये दिलाय.

"दूध नासवायचं आणि वर्षभर ठेवायचं?" आई म्हणाली. "लोणच्यासारखं म्हण की."

ते दूध वासराच्या पोटातल्या विरजणाने नासवतात, हे मी वाचलं होतं पण बोललो नाही. आमच्या फ्रिजमधलं चीज साधं, डबीतलं, चौकोनी वड्यांचं, हिरव्या ठिपक्याचं. ते वितळतं, पण त्याची तार येत नाही. त्यासाठी मोझरेला लागतं आणि मोझरेला आणायला सकाळी सकाळी इंदूरपर्यंत कोण जाणार. देवासला नोटा छापायचा सरकारी कारखाना आहे. चीजचा नाही.

काचेच्या भांड्यात थर लागले. ओव्हनमधून आधी पापडांचे डबे, मग दिवाळीचे पणत्यांचे खोके, मग हरवला म्हणून आम्ही दुसरा आणला होता तो किसणीचा संच, असं सगळं बाहेर काढलं. ओव्हन लावला. दिवा लागला. दिवा गेला. फ्रिजचा घुर्र आवाजही बंद झाला.

"लाइट चालली गेली," आई म्हणाली. आमच्या मराठीवर पुण्यात हसतात ते अशा वाक्यांसाठी. पण त्या वेळी तिच्या स्वरात जो विजय होता तो शुद्ध मराठी होता.

मग थोरल्या पातीने कपाटावरून बाफल्यांचा तंदूर काढला. कणकेचे गोळे आधी उकडायचे आणि मग भाजायचे म्हणजे बाफले. ते गोवऱ्यांवर भाजायचे दिवस गेले, आता मालव्यात घरोघर गॅसवर ठेवायचा अ‍ॅल्युमिनियमचा तंदूर असतो. गोल, घुमटाकार झाकणाचा, वर भोकं. काचेचं भांडं त्यात मावेना. थर उचलून ढोकळ्याच्या थाळीत पुन्हा लावावे लागले. या स्थलांतरात वरचे खाली, खालचे वर झाले, दोन चकत्या फाटल्या, आणि सगळे सिंकपाशी गोळा झालेले असताना कोणीतरी वरून सेव आणि जिरावन मसाला भुरभुरला. ज्या बाईला डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे समोरचा माणूस धूसर दिसत होता, तिने फळीवरच्या पाच डब्यांतून सेवेचाच डबा कसा उचलला, हा नेत्रशास्त्राचा विषय आहे.

बारा वाजता तळी भरली. 'येळकोट येळकोट जय मल्हार' झालं. ताटात रोडगे, भरीत, कांद्याची पात. कन्येने भीत भीत विचारलं, "आजी, माझं ठेवू देवापुढे?"

मला वाटलं, आता सुतकच. पण आईने क्षणभर विचार केला. "ठेव. त्याला म्हाळसा आहे, बाणाई आहे. दोन्हीकडचं खायची सवय आहे त्याला." असं म्हणून तिने वाटीत एक चकती घेतली, वरची सेव बोटाने बाजूला केली, आणि वाटी ठेवली. भरताच्या डावीकडे, जरा मागे.

चव कशी होती ते सांगतो. खालचा थर सॉस पिऊन मऊ पडलेला, मधला कुठे मऊ कुठे कुरकुरीत, वर चीजचा पिवळा लेप आणि त्यात रुतलेली सेव, काही काडीसारखी जळकी. घास घेतला की आधी वेलची, मग आंबट, मग जिरावनचा ठसका, आणि सगळं संपल्यावर मागून वांगं. वाईट नव्हतं. इटलीच्या न्यायालयाने दखल घेतली असती, पण वाईट नव्हतं. आईने रोडग्याबरोबर कुस्करून खाल्लं. "काप नुसतेच बरे होते," ती म्हणाली, आणि ताट पुढे करून, "दोन वाढ अजून." कन्येने बंगळुरूच्या मैत्रिणींना पाठवायला फोटो काढले, सेव दिसू नये म्हणून थाळी तीन वेळा फिरवली, पण सेव चारी बाजूंना होती. धारआजींचं काम चोख असतं.

चौथ्या दिवशी सासूबाई धारला निघाल्या. मी त्यांना इंदूरला गंगवाल स्टँडपर्यंत पोचवायला गेलो. निघताना आईने रीतीप्रमाणे शिदोरी बांधून दिली: तिखट पुऱ्या, लोणचं, आणि खास कन्येने परत एकदा केलेल्या पारिजातकाच्या चार चकत्या, आमच्या जुन्या स्टीलच्या डब्यात. त्या डब्यावर वडिलांचं नाव कोरलेलं आहे.

संध्याकाळी धारहून फोन आला. सौ.ने स्पीकरवर टाकला. सासूबाई सुखरूप पोचल्या होत्या, शेजारच्या दोघीतिघी डोळ्यांची चौकशी करायला येऊन गेल्या होत्या, आणि डोळ्यांचं एका मिनिटात आटोपल्यावर बाकी वेळ चकत्यांबद्दल बोलणं झालं होतं. सगळ्यांना एकेक वाढली. फार आवडली.

"काय म्हणून सांगितलंस?" सौ.ने विचारलं.

"काय म्हणजे? आपल्या मांडवगडचा पदार्थ. सुलतानाच्या पुस्तकातला. पाचशे वर्षांपूर्वीचा. जावयांनीच विलायतेतून शोधून काढलाय."

मी गच्चीवर जायला उठलो. देवघरात आई वाती वळत होती. तिचा हात थांबला नाही, मानही वर झाली नाही.

"त्यांना विचार," ती म्हणाली, "डबा कधी परत येतोय?"